जुना जॅझ बेस घ्यावा का, आणि घेतल्यावर पहिला खर्च कशावर करावा?

प्रश्न: मंद्रसप्तक, चिपळूण

नमस्कार. भावगीते आणि जुनी चित्रपटगीते सादर करणाऱ्या आमच्या छोट्या वाद्यवृंदात मी कीबोर्ड वाजवतो आणि खर्जाची बाजू आजवर डाव्या हाताने सांभाळत आलो आहे. तबला आणि ढोलकीच्या जोडीला जो भरीवपणा हवा, तो त्यातून मिळत नाही. म्हणून आता खरा बेस, म्हणजे खर्जाचे स्वर देणारी गिटार, शिकायचे ठरवले आहे. नवीन वाद्याची ऐपत सध्या नाही. पुण्यातील एका गृहस्थांकडे स्क्वायरचा (फेंडर कंपनीचा स्वस्त ब्रँड) चार तारांचा जॅझ बेस विक्रीला आहे. तो इंडोनेशियात बनलेला असून त्याचे ते सोळा हजार रुपये मागत आहेत.

छायाचित्रांवरून आणि फोनवरील बोलण्यावरून एवढे समजले की बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरील धातूच्या पट्टीवर) ई, म्हणजे सर्वांत जाड, तार सुमारे चार मिलिमीटर उंच आहे आणि ब्रिजवरचे (घोडीवरचे) सॅडल, म्हणजे तारेला उंची देणारे आधार, मात्र जवळजवळ तळाला टेकलेले आहेत. व्हॉल्यूमचा एक पॉट (फिरवायचे नियंत्रण) फिरवताना खरखरतो, ब्रिजच्या स्क्रूंवर थोडा गंज आहे आणि वाद्य बराच काळ पेटीतच पडून होते. ‘नुसता सेटअप (मापांची जुळवणी) केला की झाले,’ असे विकणाऱ्यांचे म्हणणे आहे.

प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर मी नेमके काय तपासावे? शिवाय, वाद्य घेतल्यानंतर त्यात नवे पिकअप (तारांची थरथर विजेत उतरवणारे भाग) आणि अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप (आवाजाला वळण देणारे, बॅटरीवरचे सर्किट) बसवावा, तसेच भावगीतातील मींड नीट यावी म्हणून फ्रेट काढून ते फ्रेटलेस करून घ्यावे, असे माझ्या मनात आहे. यातले आधी काय करावे आणि काय करूच नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: लाकूड आणि तार, पुणे

मी गिटारींच्या दुरुस्तीचे काम करतो. जुना बेस घेताना आपण खरे तर नेक (लांब दांडा) विकत घेत असतो, असे माझे ठाम मत आहे. पिकअप, पॉट, खुंट्या, ब्रिज हे सगळे कधीही आणि टप्प्याटप्प्याने बदलता येते. बिघडलेला नेक मात्र एवढ्या किमतीच्या वाद्याला परवडत नाही. चौतीस इंची (तारेच्या लांबीच्या) बेसच्या चार तारा मिळून साधारण सत्तर ते ऐंशी किलोंचा ताण नेकवर अहोरात्र ठेवतात. वाद्य तशाच चढवलेल्या तारांसह पेटीत पडून असेल, तर इतका काळ तो ताण नेकने सोसलेला आहे आणि त्याकडे कोणी पाहिलेले नाही.

विकणाऱ्यांचे म्हणणे खरे आहे की नाही, हे ठरवणारी खूण तुमच्या वर्णनातच आहे. सॅडल तळाला टेकूनही तारा चार मिलिमीटर उंच राहत असतील, तर त्याची मुख्य कारणे दोनच. एक तर नेक तारांच्या ओढीने पुढे वाकला आहे, नाही तर तो बॉडीत ज्या कोनात बसला आहे तो कोन चुकीचा आहे. पहिला दोष ट्रस रॉडने (नेकच्या आतली, फिरवून नेक सरळ करता येणारी सळई) जातो आणि दुसरा नेकच्या खाचेत पातळ शिम (पट्टी) घातल्याने जातो. दोन्हींना फारसा पैसा लागत नाही. ट्रस रॉडच निकामी झाला असेल किंवा नेकला पीळ पडला असेल, तर मात्र किंमत निम्मी केली तरी ते वाद्य घेऊ नये.

दोन्हींतला फरक ओळखणे सोपे आहे. वाद्य सुरात लावून ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी, म्हणजे ताणलेली तार हीच सरळपट्टी होते. मग सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यावर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहावे. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असावी. खिशातले एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असते; ते तारेला धक्का न लावता त्या फटीत सहज सरकले, तर नेक गरजेच्या दुपटीहून अधिक वाकला आहे असे समजावे. फट योग्य असूनही बाराव्या फ्रेटवर तार उंचच असेल, तर दोष कोनाचा आहे.

नेक वाकलेला आढळल्यास विकणाऱ्यांची परवानगी घेऊन ट्रस रॉड फिरवून पाहा. अ‍ॅलन की अगदी घट्ट बसणारीच हवी. अमेरिकी मापे इंचात आणि बऱ्याच आशियाई वाद्यांची मिलिमीटरमध्ये असल्यामुळे जवळपासच्या मापाची की घालून जोर लावला की आतला षट्कोन गोल होतो आणि मग तो रॉड कोणालाच फिरवता येत नाही. आधी तो किंचित सैल करावा, म्हणजे हलतो आहे की जाम झाला आहे ते कळते, आणि नंतर जास्तीत जास्त पाव फेरा घट्ट करावा. तेवढ्यानेही फट कमी झालेली दिसली पाहिजे. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि नेक तरीही वाकलेला असेल, तर नमस्कार करून परत यावे.

मग वाद्य डोळ्यासमोर आडवे धरून बॉडीकडून हेडस्टॉकच्या (खुंट्यांच्या टोकाच्या) दिशेने नेकच्या दोन्ही कडा पाहा. एक कड दुसरीपेक्षा वेगळी वळत असेल, तर तो पीळ होय आणि तो ट्रस रॉडने जात नाही. बॉडीजवळचे शेवटचे पाच-सहा फ्रेट वर उचललेले आहेत का, तेही पाहा. तिथे रॉडचा प्रभाव पोहोचत नाही, त्यामुळे ते घासून समतल करून घ्यावे लागतात. एटीएम कार्डाची कड एका वेळी तीन फ्रेटवर उभी टेकवून ती डुगडुगते का हे तपासले की उंच राहिलेला फ्रेट सापडतो. वरच्या भागात फ्रेटमधले अंतर कमी असल्याने तिथे कार्डाची आखूड बाजू वापरावी. पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारांनी पाडलेल्या चऱ्या उथळ असतील तर चालतील. नखाला खोल लागत असतील, तर फ्रेट समतल करण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

एक गोष्ट दोष समजू नका. जी (सर्वांत बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. या धाटणीच्या बहुतेक बेसमध्ये हे कमीअधिक असतेच. ते नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे होते आणि कोणत्याही सेटअपने पूर्ण जात नाही. स्वर अगदीच मेलेला वाटला, तरच विचार करावा.

प्रतिसाद: कोल्हापुरी ठेका

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त एक सुचवतो. कीबोर्डवरून येणाऱ्या माणसाला चौतीस इंची नेकवर पहिल्या चार फ्रेटमधला पल्ला सुरुवातीला जड जातो, त्यामुळे तीस इंची शॉर्ट स्केल बेस हाताला मिळाला तर तोही वाजवून पाहावा. जॅझ बेस नटपाशी (हेडस्टॉकजवळ तार टेकते तिथे) सुमारे ३८ मिलिमीटरच रुंद असतो, फेंडरच्याच प्रिसिजन बेसपेक्षा तो अरुंद आहे, ही त्यातल्या त्यात सोय. पाच तारांच्या मोहात मात्र सध्या पडू नये.

प्रतिसाद: सोल्डरगन, गिरगाव

मी वायरिंगच्या बाजूने लिहितो, कारण प्रश्नातील खरखर आणि प्रीअँप हे दोन्ही मुद्दे त्याच खात्यातले आहेत.

पडून राहिलेल्या वाद्याचा पॉट खरखरला म्हणजे तो गेला असे नाही. इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीतून आत मारावा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळ वेळा फिरवावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते. बिजागऱ्यांसाठी वापरतात ते तेल मारू नये, कारण ते आत चिकटून राहते आणि धूळ धरते. पॉट बदलावाच लागला, तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पॅसिव्ह जॅझ बेसला २५० किलो-ओहमचे पॉट लागतात, आणि व्हॉल्यूमसाठी ते ऑडिओ टेपरचे (कानाला एकसारखा वाढत जाणारा आवाज देणारे) हवेत. सर्वसाधारण दुकानात सहज मिळतो तो बहुधा लिनिअर असतो, आणि त्यात आवाज पट्टीच्या एकाच भागात एकदम उसळतो. पूर्ण आकाराच्या अमेरिकी धाटणीच्या पॉटला सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे भोक लागते. आशियाई बनावटीच्या बेसमध्ये ते बहुधा लहान असते, म्हणून कंट्रोल प्लेट वाद्यावरून काढूनच ते मोठे करावे. टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे. त्यासाठी महागडा ‘व्हिंटेज’ कपॅसिटर घेण्याने आवाजात काही भर पडते, असे मला वाटत नाही.

वाद्य पाहायला जाल तेव्हा अँप्लिफायरला जोडून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. मूळ धाटणीच्या जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट ध्रुवांचे असल्यामुळे दोन्ही सारख्या पातळीवर असताना विजेची गुणगुण एकमेकांना काटते, आणि एकच उघडा ठेवला की ती ऐकू येते. हा त्या रचनेचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली पाहिजे. ती जशीच्या तशी राहिली, तर ब्रिजखालून जाणारी ग्राउंडची तार सुटलेली किंवा गंजलेली आहे. काम पाच मिनिटांचे आहे, पण ते किंमत ठरवण्याआधी कळलेले बरे.

जॅकचा (केबल खोचण्याच्या जागेचा) नट सैल असेल, तर बाहेरून नुसता पाना लावून आवळू नका. आतला जॅक नटाबरोबर गोल फिरतो, त्याच्या तारा पिळल्या जाऊन तुटतात आणि ऐन कार्यक्रमात आवाज जातो. प्लेट उघडून आतला भाग बोटांनी धरावा आणि मगच नट आवळावा.

प्रीअँपबद्दल माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षात नको. अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप आधीच चांगल्या असलेल्या आवाजाला वळण देण्याची सोय देतो आणि लांब केबलमध्ये तीव्र स्वरांची होणारी झीज टाळतो. पण मंद तारा, चुकीची उंची आणि पिकअपचे चुकीचे अंतर यांचे दोष तो अधिक मोठे करून ऐकवतो. त्यात नऊ व्होल्टची बॅटरी केबल खोचून ठेवली की वाद्य वाजवत नसतानाही खर्च होत राहते. सभागृहातील दिव्यांच्या डिमरमुळे गुणगुण फारच त्रास देत असेल, तर पिकअपच्या आणि पॉटच्या खोबणीत तांब्याची चिकट फॉइल लावावी. फॉइलचे सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले असले पाहिजेत, अन्यथा तिचा काही उपयोग होत नाही.

प्रतिसाद: दर्याकाठ, मडगाव

फ्रेटलेसविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मी दोन्ही प्रकारचे बेस वाजवतो आणि तुमच्या मनातली ओढ मला पुरेपूर समजते. फ्रेटलेसवर तार उघड्या लाकडावर अगदी लहान कोनात घासत थरथरते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीमुळे जे घडते, त्याच जातीची ही क्रिया आहे, आणि म्हणूनच हा आवाज आपल्या कानाला परका वाटत नाही. अमेरिकी बेसवादक जाको पास्टोरियस यांनी आपल्या १९६२ सालच्या, फ्रेट काढलेल्या जॅझ बेसच्या फ्रेटबोर्डावर बोटींसाठी वापरतात त्या इपॉक्सीचा थर दिला, ही गोष्ट बेस वाजवणाऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे, आणि ती ऐकून जगभरच्या कितीतरी वादकांनी पक्कड हातात घेतली.

तरीही तुम्ही ते करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. फ्रेट उपटताना फ्रेटबोर्डाचे टवके निघतात, उरलेल्या खाचा पातळ पट्ट्यांनी भरून सबंध पृष्ठभाग पुन्हा समतल करावा लागतो, आणि राउंडवाउंड (गोल तारेचे वेढे असलेल्या) तारा शिसवीसारख्या लाकडावरही चरे पाडतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नव्या शिकणाऱ्याचा खर्ज किंचित जरी बेसूर लागला, तरी गायकाच्या पायाखालची जमीन हलते. एकुलत्या एका वाद्यावर हा प्रयोग नको. या बेसचा नेक चार स्क्रूंनी बसवलेला असतो. दोनएक वर्षांनी ओढ कायम राहिली, तर त्याच स्केलचा वेगळा फ्रेटलेस नेक, टाचेची रुंदी नीट मोजून, घ्यावा. मूळ नेक शाबूत राहील आणि हवे तेव्हा मागे फिरता येईल.

मींडेची बरीचशी भूक फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचे वेढे असलेल्या) तारांनी भागते. त्यांवरून बोट अडखळत नाही, सरकण्याचा चिरका आवाज येत नाही, आणि गोलाई असलेला, चटकन विझणारा स्वर जुन्या गाण्यांच्या ठेक्यात फार सुरेख बसतो. अमेरिकी बेसवादक जेम्स जेमरसन यांनी मोटाउन या कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत प्रिसिजनवर अशाच तारा वापरल्या होत्या. या तारा महाग असतात, पण वर्षानुवर्षे टिकतात, आणि आपल्याकडच्या खारट हवेत राउंडवाउंडच्या वळ्यांत घाम आणि ओल साचून त्या जितक्या लवकर मरतात तितक्या या मरत नाहीत. नव्या पिकअपपेक्षा तारांच्या बदलाने आवाज अधिक बदलतो, असे माझे मत आहे.

चिपळूणच्या पावसाळ्याचाही विचार करा. पुण्याच्या कोरड्या हवेतून वाद्य कोकणात आणल्यावर लगेच सेटअप करू नका. लाकडाला आठ-दहा दिवस तिथल्या हवेची सवय होऊ द्या आणि मग मोजा. जून-जुलैत एकदा आणि हिवाळ्यात एकदा नेकची फट तपासत राहावी. ती कोणत्या दिशेने सरकेल हे प्रत्येक नेकवर अवलंबून असते. पुण्याच्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके बोटांना टोचत असतील, तर ती तिथेच, कोरड्या दिवसांत घासून घ्यावीत. पावसाळ्यात लाकूड फुगले की ती आत गेल्यासारखी वाटतात आणि काम अर्धवट राहते. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने वरून-खालून पुसाव्यात.

मंद्रसप्तक, चिपळूण

सर्वांचे मनापासून आभार. पुण्याला जाऊन वाद्य पाहून आलो. सातव्या फ्रेटपाशी एटीएम कार्ड विनासायास सरकत होते. विकणाऱ्या गृहस्थांनी स्वतःच की काढून दिली. रॉड दोन्ही दिशांना हलका फिरला आणि पाव फेऱ्यानंतर कार्ड अडकू लागले. पीळ दिसला नाही. पहिल्या तीन फ्रेटवर चऱ्या आहेत, पण उथळ. तारांना हात लावताच गुणगुण कमी होते. जी तारेच्या खुंटीचा स्क्रू सैल होता, तो आवळल्यावर खुंटी स्थिर झाली. बोलणी होऊन तेरा हजार पाचशेला बेस घेतला. फ्रेटलेसचा आणि प्रीअँपचा विचार सोडून दिला आहे.

एक अडचण शिल्लक आहे. इथल्या हवेत काही दिवस ठेवून फट व्हिजिटिंग कार्डाइतकी करून घेतली, तरी बाराव्या फ्रेटवर ई तार साडेतीन मिलिमीटरच्या आसपास आहे आणि सॅडल खाली न्यायला आता जागाच नाही. शिम किती जाडीची घालावी, आणि पुढचे काम कोणत्या क्रमाने करावे?

प्रतिसाद: लाकूड आणि तार, पुणे

चांगले वाद्य मिळाले, अभिनंदन. म्हणजे तुमच्या बाबतीत दोन्ही कारणे थोडी थोडी होती.

शिमचा हिशेब असा आहे. नेकची खाच साधारण पाऊणशे मिलिमीटर लांब असते, आणि खाचेच्या पुढच्या काठापासून सॅडलपर्यंतचे अंतर सुमारे सव्वातीनशे मिलिमीटर भरते, म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. त्यामुळे खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घातली, की सॅडलपाशी सुमारे दोन मिलिमीटरचा आणि बाराव्या फ्रेटवर त्याच्या निम्मा, म्हणजे एक मिलिमीटरचा फरक पडतो. तुम्हाला तेवढाच हवा आहे. लाकडी व्हिनिअरचा तुकडा सर्वांत चांगला. पुठ्ठा ओल धरतो, म्हणून कोकणात तो नको. पट्टी खाचेच्या पूर्ण रुंदीची असावी. शक्य असल्यास ती खाचेच्या पूर्ण लांबीची, पुढच्या काठाकडे निमुळती होत शून्यावर येणारी पाचर म्हणून घासून घ्यावी, म्हणजे नेकच्या टाचेखाली पोकळी राहत नाही. तारा पूर्ण सैल करूनच नेकचे स्क्रू काढावेत. परत बसवताना स्क्रू आधी हाताने उलट फिरवून जुन्या आट्यांत बसला की मगच आवळावा, नाही तर लाकडात नवी आटी पडते आणि पकड जाते.

त्याच वेळी नव्या तारा चढवा, कारण पुढची सर्व मापे तारांच्या जाडीवर आणि ताणावर अवलंबून आहेत. तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर राखून कापा. कापण्याआधी तिला त्या जागी काटकोनात वाकवा, म्हणजे आतल्या गाभ्यावरचे वेढे सुटत नाहीत. टोक खुंटीच्या मधल्या भोकात खोचून दोन-तीन वेढे वरून खाली उतरत जाऊ द्या, आणि तार सॅडलच्या पुढे बोटाने हलके दाबा, म्हणजे ती तिथे कमान न करता सरळ निघते.

वाद्य सुरात लावून नेकची फट पुन्हा ०.३ मिलिमीटरवर आणा; फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा अधिक असतो, त्यामुळे रॉड थोडा आवळावा लागेल. मग नट पाहा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसली पाहिजे. ती जास्त असेल, तर नटाच्या खाचा मला किंवा जवळच्या कारागिराला खोल करू द्या. हे काम साध्या कानशीने करू नये, कारण खाच एकदा जास्त कापली की मोकळी तार झणझणते आणि नवा नटच बसवावा लागतो. त्यानंतर सॅडलने उंची लावा. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर हे फेंडरच्या मापांना धरून आहे. बोटांचा जोर अधिक असेल, तर तिथून किंचित वर जा.

स्वरशुद्धी सर्वांत शेवटी, आणि ती नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून काढलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे तारेची लांबी वाढेल असे सरकवा. उतरा असेल तर पुढे. प्रत्येक वेळी तार पुन्हा सुरात लावूनच मोजा. गंजलेल्या स्क्रूंना आदल्या रात्री भेदक तेलाचा एक थेंब देऊन ठेवा आणि जास्तीचे तेल पुसून घ्या. एखादा स्क्रू तरीही हलला नाही तर जोर लावू नका. अख्खा ब्रिजच वाद्यावरून सोडवून माझ्याकडे पाठवा. तो मोडलेल्या स्क्रूसह आला, तर काम तिपटीने वाढते.

पिकअपचे अंतर त्यानंतर कानाने लावायचे आहे. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून ई तारेच्या बाजूला तीन मिलिमीटर आणि जी तारेच्या बाजूला अडीच मिलिमीटर फट ठेवून सुरुवात करा, आणि वाद्यवृंदात वाजवताना जी (G) तार दबून जात असेल, तर त्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा वर घ्या.